वाघिणीच्या अंगावरच्या टिकल्या

मागच्या अंकात माझ्या कामाच्या टेबलाचा फोटो छापून आला. तळहातावर मावेल अशी पितळी पत्र्याची कोळशाची वाघीण, म्हणजे मालगाडीच्या वॅगनचं छोटं मॉडेल, आणि तिच्याशेजारी एक ठेंगणं लोखंडी यंत्र. ते यंत्र काय आहे, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. एका वाचकांनी तर शेवयांचा सोऱ्या आहे का, असंही विचारलं. तो रिव्हेट प्रेस. पत्र्याला पाठीमागून टोचायचं आणि पुढच्या अंगाला रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या बिनआट्याच्या खिळ्याचं, गोल डोकं उठवायचं, एवढंच त्याचं काम. मी परळच्या रेल्वे कारखान्यात टूलरूमला होतो, आता मुलीकडे इंग्लंडात डर्बीला असतो. हा नाद मला इथेच लागला. या वेळची सगळी उत्तरं त्याबद्दलच.

प्रश्न : मी ४ मिमी मापातलं (खऱ्या एका फुटाला ४ मिमी), म्हणजे १:७६ चं, सोळा टनी कोळसा वाघिणीचं पितळी किट घेतलं आहे. सूचनापत्रात पहिलंच वाक्य आहे, 'मागच्या बाजूने रिव्हेट उठवून घ्या.' पत्र्याच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. त्यासाठी प्रेस घ्यायलाच हवा का? खिळा आणि हातोडी चालणार नाही? – एक वाचक, लेस्टर

चालेल. माझ्या पहिल्या दोन वाघिणी तशाच झाल्या. त्या कपाटात मागच्या फळीवर आहेत, पाहुण्यांना दाखवत नाही.

आधी ते ठिपके काय आहेत ते बघा. असा पत्रा कापलेला नसतो, खाल्लेला असतो. दोन्ही अंगांना प्रकाशाने घट्ट होणारा लेप लावतात, वर नकाशाची फिल्म ठेवून उजेड देतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडतात. लेप दोन्हीकडून उघडा असेल तिथे पितळ आरपार जातं. एकाच बाजूने उघडा असेल तिथे साधारण निम्म्या जाडीवर थांबतं. तुमचे ठिपके म्हणजे असे निम्म्यावर थांबलेले खळगे. तिथे पत्रा पातळ, म्हणून जोर कमी लागतो, आणि टोक आपोआप खळग्यात बसतं. म्हणजे जागा किटवाल्याने ठरवून दिली आहे. तुमच्या हातात राहिली ती फक्त उंची.

आणि सगळं बिघडतं ते उंचीतच. ओळीत एखादा रिव्हेट मारायचा राहिला तर दहा माणसांतल्या नऊ जणांना कळत नाही. एक जरी रिव्हेट बाकीच्यांपेक्षा उंच राहिला, तर दारातून आत येणाऱ्यालाही तोच दिसतो. खिळा-हातोडीने पहिले वीस छान येतात. मग चहा येतो. चहानंतर हात जड पडतो, आणि त्या वाघिणीवर चहाच्या आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले हे कायमचं लिहिलं जातं. प्रेसमध्ये वरचा पंच आणि खालच्या ऐरणीचं छिद्र एका रेषेत असतं, आणि दांडा किती खाली यायचा ते अडकणीने बांधलेलं असतं. काही प्रेसमध्ये दांड्याऐवजी वजन असतं. ते ठरावीक उंचीवरून पडतं, म्हणून घाव सारखा. दोन्ही चांगले. मला दांड्याचा आवडतो, कारण पितळ दबल्याचं हाताला कळतं.

पण टोचायच्या आधी एक काम करा. तुम्हाला जी वाघीण करायची आहे तिचा फोटो मिळवा, नंबर दिसेल असा. ब्रिटिश रेल्वेने या सोळा टनी वाघिणी दोन लाखांहून जास्त बांधल्या. त्यातल्या काहींची पेटी रिव्हेटची होती, काहींची वेल्डिंगची. वेल्डिंगच्या वाघिणीला प्रेमाने शंभर रिव्हेट मारून तिच्यावर तिचा खरा नंबर लिहिणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत.

आता कृती. भाग भोवतालच्या पत्र्याच्या चौकटीतून सोडवू नका. रिव्हेट आधी, सुटका नंतर. कडेला लागून ओळ असेल तर सुट्या भागाची कड फुगते. चौकटीत असताना भोवतालचा पत्रा तिला धरून ठेवतो. पहिले दहा-बारा रिव्हेट चौकटीच्या टाकाऊ कडेवर मारा. बोटाने चाचपा, नखाने चाचपा, मग अडकण पक्की करा. बारीक फरक हवा असेल तर अडकणीखाली साध्या लिहायच्या कागदाची पट्टी सरकवा. एक कागद म्हणजे जवळपास ०.१ मिमी. या कामात तो फार मोठा आकडा आहे.

खळगा डोळ्याने शोधू नका. पंच अलगद पत्र्यावर टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने पत्रा हळूहळू सरकवायचा. टोक खळग्यात पडतं तेव्हा बोटांना एक बारीकशी 'टिच' जाणवते. कॅरमची सोंगटी भोकाच्या काठावर अडखळून आत जाते ना, तसंच काहीसं. जाणवलं की दाबा. चार ओळी झाल्या की डोळे मिटूनही जमतं. टेबलाचा दिवा वरून नको, बाजूने आडवा ठेवा. सावलीत चुका लगेच उघड्या पडतात.

मग घड्या. घडीच्या रेषाही निम्म्या खाल्लेल्या असतात. सूचनापत्रात वेगळं सांगितलं नसेल तर ती रेष घडीच्या आत येते. झाळकाम (सोल्डरिंग) त्यानंतर. एकदा कोपरा झाळला की ती पेटी प्रेसच्या जबड्यात जात नाही, आणि राहिलेला रिव्हेट राहूनच जातो. रंग पातळ द्या. जाड अस्तराखाली तुमचे दोन संध्याकाळींचे कष्ट पिठल्यातल्या मोहरीसारखे बुडतील.

प्रश्न : परदेशातून प्रेस मागवायचा तर किंमत, टपाल आणि जकात मिळून फार होतं. घरी करता येईल का? माझ्याकडे हँडड्रिल आणि त्याचा स्टँड आहे. – एक वाचक, पुणे

येईल, आणि तुम्ही हत्यारं-लोखंडाच्या बाजाराजवळ, बोहरी आळीच्या जवळ राहता, मग काळजी कसली. स्टँडमध्ये ड्रिल तसंच राहू द्या, पण त्याचा प्लग काढून खिशात ठेवा. मोटर या कामात कधीही चालू करायची नाही, फक्त तिचा चक, म्हणजे ड्रिलचं टोक पकडणारा जबडा, वापरायचा. चकमध्ये ग्रामोफोनची जुनी पोलादी सुई धरा. ती आधीच कडक असते आणि टोक छान असतं, फक्त जास्त टोकदार. तेलाच्या दगडावर फिरवत तिची अणी गोलसर करा, नाहीतर ती रिव्हेट उठवण्याऐवजी पत्रा फाडेल.

खालची ऐरण म्हणजे सिल्व्हर स्टीलचा (पाणी देऊन कडक करता येणाऱ्या पोलादाचा) एक तुकडा, वरचं तोंड सपाट घासलेला. छिद्र किती? खऱ्या वाघिणीवर पाऊण इंची रिव्हेट धरला तर त्याचं गोल डोकं दांड्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे १.२ इंच. ४ मिमीच्या मापात एक इंच म्हणजे बरोबर एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणून डोकं झालं ०.४ मिमी. पत्र्याच्या जाडीला जागा हवी, तेव्हा छिद्र ०.५ मिमी घ्या. सर्किट बोर्डाचे ड्रिल या मापात मिळतात, पण ते कार्बाइडचे, काचेसारखे तुटतात, हाताने वापरू नका. छिद्र पाडून झालं की तुकडा चेरीसारखा लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात सोडा, मग घासून चकचकीत करून पुन्हा हलका तापवा. वाळलेल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबा. पाणी दिलेली ऐरण माझ्या माहितीत कुणाची झिजलेली नाही.

ऐरण बसवताना आधी घट्ट करू नका. सुई खाली आणा, छिद्रात जाऊ द्या, ऐरण आपली जागा घेईल, मग पकडीने आवळा. स्वस्त स्टँडच्या दांड्यात ढिलेपणा असतो. तुमच्या स्टँडला असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. त्याची पाचर घट्ट करा, नाहीतर दुसरा स्टँड बघा. या ठिकाणी काटकसर करू नका, बाकी कुठेही करा.

प्रश्न : दोन ओळी मारल्या आणि पट्टी केळीसारखी वाकली. शिवाय तीन रिव्हेटना चक्क भोक पडलं. – एक वाचक, ब्रिस्टल

वाकणारच. प्रत्येक रिव्हेटपाशी तुम्ही पितळ ताणता आणि तेवढी जागा त्याला कुठून तरी हवी असते. एका टोकाकडून दुसऱ्याकडे सलग जाऊ नका. मधून सुरू करा, एक सोडून एक मारा, मग राहिलेले भरा. तरी वाकली तर पट्टी जाड रबरावर रिव्हेट खाली करून ठेवा आणि पाठीवरून गुळगुळीत गोल सळई हलक्या हाताने लाटा, पापडासारखी. सपाट लोखंडावर लाटाल तर रिव्हेटही सपाट होतील. जर्मन सिल्व्हरचा पत्रा पितळापेक्षा ताठ, तो कमी वाकतो पण वाकला तर हट्टीपणा करतो.

भोकांचं एवढं मनावर घेऊ नका. मागून झाळाचा एक थेंब द्या, पुढे आलेला बुडबुडा घासकागदाने हलकेच घासा. रंगाखाली तो रिव्हेटच दिसतो. माझ्याकडे असे खोटे रिव्हेट किती आहेत ते मी सांगणार नाही.

प्रश्न : आजोबा, मी नववीत आहे. खऱ्या वाघिणीला रिव्हेट का मारायचे? स्क्रू का नाही? आणि आपण वॅगनला वाघीण का म्हणतो? – एक विद्यार्थी, ठाणे

तुझं शेवटचं आधी घेतो. लोकांना 'वॅगन' म्हणता येईना, जवळचा शब्द सापडला वाघीण, आणि तोच चिकटला. हसू नकोस. इथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तारेत शब्द वाचवायला आपल्या गाड्यांना सांकेतिक नावं दिली होती. बंद मालडबा म्हणजे 'मिंक', मुंगसासारखा दिसणारा केसाळ प्राणी. गार्डाचा ब्रेकव्हॅन म्हणजे 'टोड', बेडूक. अवजड यंत्रं नेणारी खोलगट गाडी म्हणजे 'क्रोकोडाइल'. लोखंडी अंगाचा 'आयर्न मिंक' मी सात मिलिमीटरच्या मापात केला आहे. त्याच्या सगळ्या भिंतींवर रिव्हेट आहेत. तेव्हा आपली वाघीण या प्राणिसंग्रहालयात अगदी शोभून दिसते.

आता रिव्हेट. स्क्रूला आटे असतात, आणि रुळावरून धडधडत जाणाऱ्या वस्तूवर आटे सैल होतात. रिव्हेट लाल तापवून भोकात घालतात, एका बाजूला त्याचं तयार डोकं असतं, दुसऱ्या बाजूला हातोड्याने नवीन डोकं घडवतात. मग तो थंड होतो. थंड होताना आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो.

मी परळला शिकाऊ होतो तेव्हा हे काम पाहिलं. चौघांची टोळी असायची. एक जण भट्टीवर रिव्हेट तापवायचा, दुसरा चिमट्याने ते भोकापर्यंत पोचवायचा, तिसरा मागून जड लोखंडी ठोकळा लावून दाबून धरायचा आणि चौथा पुढून हवेच्या हातोड्याने डोकं बसवायचा. मागे ठोकळा धरणाऱ्याला पुढचं काही दिसत नसे. सगळी भाषा ठोक्यांची. आवाज असा की संध्याकाळी घरी आई काय बोलते ते मला ओठांवरून ओळखावं लागे. काम थंड झालं की एक म्हातारे मिस्त्री यायचे. रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवायचे, दुसऱ्या बाजूला छोट्या हातोडीने टिचकी मारायचे. बोटाला झिणझिणी आली की खडूची फुली. तो रिव्हेट सैल, तोडा आणि पुन्हा मारा. मी आजही एक ओळ झाली की तिच्यावरून बोट फिरवतो. त्याचा या कामात काडीचा उपयोग नाही. सवय आहे.

तू ठाण्याचा आहेस हे आवडलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी तुझ्याच गावी येऊन थांबली होती. स्टेशनवर जुनी मालगाडी उभी दिसली तर तिच्या कडेच्या पट्टीवर रिव्हेट आहेत की वेल्डिंगची शिवण, ते फलाटावरूनच बघ आणि मला कळव. रुळांत उतरायचं नाही.

प्रश्न : मला भारतीय चारचाकी जुनी वाघीण करायची आहे. किट मिळत नाही. कोऱ्या पितळी पत्र्यावर रिव्हेट सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर कसे मारायचे? रूळ कोणते घ्यायचे? – एक वाचक, नाशिक

रुळांचा आधी निकाल लावू. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, म्हणजे साडेपाच फूट. ४ मिमीच्या मापात तो होतो २२ मिमी. दुकानात मिळणारे रूळ १६.५ मिमीचे. ते इंग्लंडच्या चार फूट साडेआठ इंची गेजलाही अपुरे पडतात. इथले चोखंदळ लोक म्हणूनच १८.८३ मिमीचे रूळ हाताने टाकतात. तुम्ही आपली वाघीण १६.५ वर उभी केलीत तर ती जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसेल. बावीसचे रूळ स्वतः टाका, निदान हातभर तरी, दाखवण्यापुरते.

अंतराची युक्ती मात्र सुंदर आहे. प्रेसच्या ऐरणीसमोर एक सरकता टेबल बसवा आणि तो एम-६ च्या, म्हणजे ६ मिमी जाडीच्या, साध्या आटेवाल्या सळईने सरकवा. एम-६ चा आटा एक मिलिमीटरचा, एक फेरा म्हणजे टेबल एक मिलिमीटर पुढे. आणि आपल्या मापात तीन इंच म्हणजेही बरोबर एक मिलिमीटर. नकाशात रिव्हेट तीन इंचांवर असतील तर एक फेरा, टोच. चार इंचांवर असतील तर एक फेरा आणि एक तृतीयांश. सळईच्या टोकाला जुन्या रेडिओचं बटण लावा आणि त्यावर तीन खुणा करा. झालं तुमचं यंत्र. सात मिलिमीटरवाल्यांनी तीन इंचांना पावणेदोन फेरे धरावेत. फिरवायचं कायम एकाच दिशेने. उलट फिरवलंत की आट्यातला ढिलेपणा मधे येतो आणि एक रिव्हेट शेजाऱ्याला खेटून बसतो.

कोऱ्या पत्र्यावर खळगे नसतात, पत्रा पूर्ण जाड असतो, म्हणून ०.२५ मिमीपेक्षा जाड घेऊ नका. आणि आता जे सांगतो ते कागदावर लिहून प्रेसला चिकटवा : टोचायचं पाठीवर, म्हणजे डावं-उजवं उलटं. मी एका वाघिणीच्या दोन्ही कुशी एका आठवड्यात केल्या, एकेक रिव्हेट मोजून. ब्रेकच्या दांड्याची पट्टी दोन्हींवर एकाच हाताला आली. दोन डाव्या कुशी. उजवी एकही नाही. बायको म्हणाली, "आता दुसरी वाघीण करा, तिला दोन उजव्या करा." मी ती केली नाही, पण दोन दिवस तसा विचार खरंच केला.

प्रश्न : आता राळेच्या तयार रिव्हेटच्या पट्ट्या मिळतात, पाण्याने चिकटवायच्या. थ्रीडी प्रिंटरवर तर अख्खी वाघीण निघते. मग हा खटाटोप कशाला? – एक वाचक, डोंबिवली

पट्ट्या उत्तम असतात. झाळून झालेल्या पेटीवर राहिलेला रिव्हेट लावायला मी स्वतः वापरतो. प्रिंटरवरच्या वाघिणीही पाहिल्या, काही फार सुबक होत्या. तुम्हाला वाघीण हवी असेल तर छापा. मला टोचायला हवं असतं.

प्रश्न : आमच्या यजमानांनी तुमचा फोटो पाहिला आणि जेवणाच्या टेबलावर हे सगळं मांडलं आहे. रात्री अकरापर्यंत टक्-टक् चालते, मधेच काहीतरी जळल्याचा वास येतो आणि परवा माझ्या तळव्यात काचेचं कुसळ गेलं. यावर उपाय सांगा. – एक वाचक, वेम्बली

ताई, या सगळ्याला मी जबाबदार आहे असं दिसतं, तेव्हा क्रमाने सांगतो. कुसळ काचतंतूच्या पेन्सिलचं. झाळण्याआधी पितळ घासून लख्ख करायला ती वापरतात. कुसळं डोळ्याला दिसत नाहीत आणि सुईने निघत नाहीत. चिकटपट्टी दाबून ओढून काढा. त्यांना म्हणावं, घासकाम ओल्या वर्तमानपत्रावर करा आणि तो कागद गुंडाळून टाका.

वास फ्लक्सचा, झाळ नीट धरावा म्हणून लावतात त्याचा. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं. खिडकी उघडी हवी, थंडी असली तरी. झाळात शिसं असू शकतं, आणि व्हाइटमेटलच्या (लवकर वितळणाऱ्या ओतीव धातूच्या) भागांसाठी सत्तर अंशांना वितळणारा जो झाळ मिळतो त्यात कधी कॅडमियमही असतं. म्हणून जेवणाच्या टेबलावर हे काम अजिबात नको, यात मी पूर्ण तुमच्या बाजूने. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा नाही. काम झाल्यावर वाघीणही साबणाच्या पाण्याने धुवायची, नाहीतर सकाळी हिरवी होते. पण तुमच्या भांडी घासायच्या ब्रशने नाही. हे सांगावं लागतं, कारण मी तो वापरला आहे.

टक्-टक् म्हणजे त्यांच्याकडे वजन पडणारा प्रेस असावा. त्याच्याखाली जुन्या गालिच्याचा तुकडा चौघडी करून ठेवा आणि त्यावर जाड फळी. आवाज बराच उतरतो. आमच्याकडे हे करून झाल्यावर बायको वरच्या खोलीतून खाली आली आणि म्हणाली, "बंद का केलंत? बरं नाही का वाटत?"